तांब्याच्या जुन्या पैशांचे फोटो: १५०० रुपयांत काय घ्यावं?

उद्यमनगर_७:
मंडळी, आजीच्या ट्रंकेत डबा सापडला. तांब्याचे साठेक पैसे. ईस्ट इंडिया कंपनीचे १८३५ चे पाव आणे भरपूर, दहा-बारा शिवराया (मराठा काळातले पैसे), थोडे भोकाचे. मोबाईलवर फोटो काढला की नुसती काळी चकती दिसते. शिवराईवरचं 'श्री राजा शिव' बोटाला लागतं, फोटोत काय येत नाही. बजेट १५००. मोबाईलची मॅक्रो लेन्स, लाइटबॉक्स की रिंग लाइट? विकायचे नाहीत.

गवा_आला_रे:
भावा, मोबाईलचा नाद सोड. सेकंडहँड डीएसएलआर आणि १०० एमएम मॅक्रो. मला ३८ हजारांत बसलं. पावसाळ्यात राधानगरीला बेडकं पण काढतोय. नाद खुळा.

उद्यमनगर_७:
दादा, १५०० म्हटलंय. आणि बेडकं नाहीत.

चिंचगूळ:
फोटोचं नंतर बघा, आधी घासू नका! मी आमच्या अण्णांची शिवराई चिंच-मीठ लावून घासली. नव्या तांब्यागत लखलखीत. मग कोल्हापुरात गुजरीत, सराफ बाजारात, एका जाणकारांना दाखवली. त्यांनी हातात घेतली, उलटी केली, गल्ल्यावर ठेवली आणि म्हणाले, "चहा घेणार?" त्यावर एक शब्द नाही. अण्णा अजून विचारतात, कुठाय ती.

पेठेतला:
शिवराई कसली, आमच्यात त्याला ढब्बू पैसा म्हणतात.

भोकाचा_पैसा:
ढब्बू वेगळा. आणि भोकाचे पैसे (१९४३ ते ४७) तांब्याचे नव्हेत, कांस्याचे. धाग्याचं नाव बदला.

पेठेतला:
आमची आजी म्हणायची ढब्बू. तुमचं पुस्तक तुमच्यापाशी.

आडवा_उजेड:
काही विकत घेऊ नका. रात्री खोलीतला दिवा बंद करा. टॉर्च टेबलाला टेकवून आडवी धरा आणि नाण्याभोवती सावकाश फिरवा. झिजलेल्या अक्षराची सावली एका ठरावीक कोनात अशी उठते, की 'छत्रपति' एकदम वाचता येतं. तिथंच थांबा. मोबाईल पुस्तकांच्या दोन थप्प्यांमध्ये आडवा ठेवा, वीतभर उंच, दुप्पट झूम, दोन सेकंदांचा टायमर. फार जवळ नेलात तर मोबाईलचीच सावली पडते. खाली करडा कागद. पांढऱ्यावर ठेवलं की कॅमेरा नाणं आणखी काळं करतो. रिंग लाइट तर नकोच. चारी बाजूंनी उजेड, सावली नाही, अक्षर सपाट.

गवा_आला_रे:
डीएसएलआरला पण टॉर्च चालते.

पावसाळी_बेडूक:
मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नका, पीव्हीसी असतं त्यात. माझे अकरा पाव आणे हिरवे चिकट झाले. आपल्याकडचा पाऊस, वर कपाट भिंतीला टेकलेलं. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर ते नाणं आधी बाजूला काढा. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. आणि घासू नका.

चिंचगूळ:
तेच म्हटलं मी वर.

सावध_ऐका:
डबा सापडला म्हणून जाहीर लिहू नका, सरकारजमा होईल!

भोकाचा_पैसा:
१८७८ चा कायदा जमिनीत पुरलेल्या धनाचा आहे. ट्रंक पुरली होती का? त्यापेक्षा शिवराया खऱ्या आहेत का ते बघा. बनावट फार. ओतीव नाण्याच्या कडेला सांधा असतो, अंगावर बारीक खड्डे. जुनी हातानं ठोकायचे, छाप चकतीपेक्षा मोठा, त्यामुळं एखादं अक्षर बाहेर राहायचंच. सगळ्यांवर मजकूर पुरा आणि मधोमध असेल तर शंका घ्या. कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तू आहेत, जुना माल कसा दिसतो त्याला डोळा बसतो.

उद्यमनगर_७:
सगळ्यांचे आभार. रिंग लाइट घेतला, ७५० ला. पोरीला रील करायचे आहेत, निम्मे पैसे तिनं घातले, मग घरात माझं कोण ऐकतंय. टॉर्च पण करून बघितली, शिवराईवर 'राजा' स्वच्छ आला. पण एका हातात टॉर्च, दुसऱ्यात चहा, त्यात मांजर टेबलावर. रिंग लाइटमध्ये 'ति' चकाकीत जातोय, माहीत आहे. सध्या तसाच लावलाय डीपीला.

आडवा_उजेड:
निदान अर्ध्या रिंगवर काळा कागद चिकटवा.

पेठेतला:
ढब्बू भारी दिसतोय.