हॉटेलात मांजर: कौतुक कसलं करता?

कोथरूडकर: न्यूयॉर्कच्या अल्गॉन्क्विन हॉटेलात लॉबीत मांजर ठेवतात. बोका असेल तर नाव हॅम्लेट, मांजरी असेल तर माटिल्डा. लोक फोटो काढायला जातात. जिथे माणसं खातात-पितात तिथे केस गाळणारं जनावर? आपल्याकडे खानावळीत मांजर दिसलं की नाक मुरडायचं, तिकडे त्यालाच हेरिटेज म्हणायचं. निव्वळ मार्केटिंग.

माऊची_आई: हे वाचून राहवलं नाही. हॉटेल १९०२ चं, आणि फ्रँक केस मालक असताना एक भटकं मांजर आत शिरलं ते त्यांनी हाकललं नाही, तिथून ही रीत पडली असं सांगतात, यात कसलं आलंय मार्केटिंग? २०१७ ला आलेला हॅम्लेटसुद्धा शेल्टरमधलाच. २०११ मध्ये आरोग्य खात्याने हरकत घेतली तेव्हा इलेक्ट्रॉनिक कुंपण लावून माटिल्डाला जेवणाच्या जागेपासून लांब ठेवलं. मी २०१८ ला लेकीकडे जर्सीला होते तेव्हा मुद्दाम बघून आले. बोका काउंटरपाशी नाकावर पंजा ठेवून झोपलेला, माणसं बॅगा ओढत येत होती, याचा कानही हलला नाही.

कोथरूडकर: कुंपणाचं माहीत नव्हतं. ठीक आहे, तेवढं मान्य. पण दरवर्षी मांजरांना कपडे घालून फॅशन शो करतात, ते काय प्रेम आहे?

माऊची_आई: त्यातून प्राण्यांच्या संस्थेसाठी पैसे उभे राहतात.

दोन_मुलांचा_बाबा: ताई, तुम्हाला दमा नाही म्हणून बोलताय. कोकणात एका होमस्टेत मांजर आहे हे आधी सांगितलंच नाही, मुलगा रात्री दोनला उठून बसला, खांदे वर-खाली होत होते, नेब्युलायझर पुण्यात राहिलेला. मांजर पाळा, पण बुकिंग करतानाच सांगा ना! आणि सोसायटीतही तेच, जिन्यात दूध-पोळी ठेवून जातात, मुंग्या आमच्या दारात.

तिसरा_मजला: जिन्यातल्या दुधाचा विषय काढलाच आहे तर ऐका. आमच्याकडे सेक्रेटरींनी वाट्या फेकून दिल्या, पार्किंगमध्ये चार पिल्लं होती, डोळे नुकते उघडलेले. दोन राहिली. तुमच्यासारखे तक्रार करतात म्हणूनच हे होतं.

दोन_मुलांचा_बाबा: मी पिल्लं मारली का? तोंड सांभाळून बोला.

तिसरा_मजला: मारली म्हटलं नाही. पण सह्या तुमच्यासारख्यांच्याच होत्या.

नसबंदी_आधी: भांडू नका. नुसतं खायला घालून भागत नाही, मांजरी वर्षातून दोन-तीनदा विते. मी गेल्या वर्षी सात पकडून ऑपरेशन करून आणली, पिंजरा स्वतःचा, रिक्षाचे पैसे स्वतःचे, वर्गणी मागितली तर दार लावून घेतलं.

दोन_मुलांचा_बाबा: असं कोणी करत असेल तर मी पैसे देईन. वाटी मात्र जिन्यात नको, गेटजवळ ठेवा.

तिसरा_मजला: गेटजवळ कुत्री येतात. पंपाच्या खोलीमागे चालेल का?

दोन_मुलांचा_बाबा: चालेल. संध्याकाळी उचलायची मात्र.