आयएसएफजे की ईएसएफजे? काळजीवाहू स्वभावातला फरक

कवडसा
मायर्स-ब्रिग्ज या चार अक्षरांत स्वभावप्रकार सांगणाऱ्या चाचणीत एकाच व्यक्तीचा निकाल आधी आयएसएफजे आणि काही महिन्यांनी ईएसएफजे आला, तर कोणता धरायचा? दोन्ही वर्णनांत जबाबदार, मायाळू, लोकांसाठी झटणारा असंच असतं. गप्प तो पहिला आणि बोलका तो दुसरा, एवढ्यावर भागेल का?

निंबोणी
नाही भागणार. दोघांची फंक्शन्स, म्हणजे मनाच्या काम करण्याच्या पद्धती, तीच, क्रम वेगळा. आयएसएफजेमध्ये अंतर्मुख संवेदन पहिलं आणि बहिर्मुख भावना दुसरी, ईएसएफजेमध्ये उलट. त्यामुळे आयएसएफजे तपशील टिपून ठेवतो (कोणाला बिनसाखरेचा चहा, कोणाची गोळी किती वाजता) आणि न बोलता काम उरकतो. ईएसएफजे आधी माणसांचा सूर पकडतो: चौकशी करतो, चौघांना कामाला लावतो, रुसलेल्याला बोलतं करतो.

घरातलं कोणी दवाखान्यात आहे असं समजा. औषधांच्या वेळा लिहून रात्री उशाशी बसणं आणि नातेवाइकांना फोन करून डब्याच्या पाळ्या लावणं, ही दोन्ही कामं दोघांनाही जमतात. कोणी न सांगता आधी कशाला हात घातला जातो, ते बघा.

कवडसा
मग ‘अंतर्मुख भावना’ म्हणतात ती आयएसएफजेची नव्हे?

निंबोणी
नव्हे. ती आयएसएफपी आणि आयएनएफपी या दुसऱ्या दोन प्रकारांचं पहिलं फंक्शन. तिथे कसोटी स्वतःच्या मूल्यांची असते, समोरच्यांच्या अपेक्षांची नाही. गल्लत इथेच होते.

सांजवात
ताणात फरक जास्त उघड होतो, कारण क्रमातलं चौथं, कच्चं फंक्शन डोकं वर काढतं. आयएसएफजेला ‘हे बिघडलं तर, ते झालं तर’ अशा वाईट शक्यता दिसू लागतात. ईएसएफजे एरवीचा गोडवा सोडून बारीकसारीक चुका काढतो, टोचून बोलतो.

मदतही वेगळी लागते. आयएसएफजेला ‘काही हवं का?’ विचाराल तर ‘नको’ हेच उत्तर मिळणार, आणि थकवा आत साचत जातो. ‘मंगळवारी रात्री मी थांबते’ असं ठरवूनच सांगा. ईएसएफजेने केलेल्या कामाची नेमकी दखल घ्या. निरोपाला उत्तरच आलं नाही तर त्याला तो नकार वाटतो.

मोजपट्टी
मूळ प्रश्नाकडे येते. चाचणी मधोमध रेघ मारून अक्षर देते. रेघेजवळच्या माणसाची दोन-चार उत्तरं बदलली की आयचा (अंतर्मुखचा) ई (बहिर्मुख) होतो, स्वभाव तोच राहतो. म्हणून अक्षराशेजारचा स्पष्टतेचा आकडा बघा. तो लहान असेल तर ‘मधला’ समजा.

मक्रे आणि कोस्टा या मानसशास्त्रज्ञांनी 1989 मध्ये ही चाचणी पंचघटक प्रारूपाशी (स्वभाव पाच घटकांत मोजणाऱ्या पद्धतीशी) ताडून पाहिली. ई-आय ही जोडी बहिर्मुखतेशी जुळली, तर टी-एफ (विचार-भावना) सौहार्दाशी. म्हणजे माया किती आणि गोतावळा किती, ही दोन वेगळी मापं आहेत. कमी बोलणाऱ्याला कोरडा ठरवू नका. आणि शुश्रूषेच्या नोकरीसाठी माणसं निवडायला ही चाचणी अजिबात वापरू नका, ती त्यासाठी बनवलेलीच नाही.