ओला कचरा सोसायटीतच जिरवायचा की घंटागाडीत द्यायचा? ठाणेकरांनो, मत द्या

पोखरणकर :
आमच्या संकुलाच्या येत्या सर्वसाधारण सभेत खतप्रकल्प बंद करण्याचा ठराव येतोय. "मालमत्ता कर भरतो ना, मग कचरा उचलणं पालिकेचं काम" असं ठराव मांडणाऱ्यांचं म्हणणं. माझा याला ठाम विरोध आहे. असे ठराव घोडबंदर, मानपाडा, पोखरण सगळीकडे येऊ शकतात, म्हणून हा धागा.

आधी नियम. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ५००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं. रोज सरासरी १०० किलोच्या वर कचरा काढणारा तो 'मोठा कचरा उत्पादक'. घरटी किलोभर धरला तरी सव्वाशे घरांची सोसायटी त्यात बसते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या नियमांत तर ओला, सुका, सॅनिटरी (डायपर, पॅड) आणि विशेष काळजीचा (बॅटरी, जुनी औषधं वगैरे) असे चार भाग करायचे आहेत.

पण नियम आहे म्हणून करा, एवढंच मला म्हणायचं नाही. ठाण्याचा कचरा आजवर कुठे कुठे गेला ते बघा. वर्षानुवर्षं दिव्यात. २०२३ मध्ये दिव्याचं डम्पिंग बंद झालं, मग भंडार्लीला तात्पुरती सोय, तिथल्या गावांचा विरोध. डायघरच्या प्रकल्पालाही विरोध. वागळे इस्टेटच्या सी. पी. तलावाजवळ कचरा एका गाडीतून दुसऱ्या गाडीत भरून पुढे जायला हवा, तर तिथेच ढीग साचले. मग भिवंडीकडच्या आतकोलीचं नाव. जागा बदलत राहिली आणि दर वेळी ती अशा लोकांच्या दारात निघाली ज्यांनी हा कचरा केलेलाच नव्हता.

हे गावकरी पुठ्ठ्याला आणि रिकाम्या बाटल्यांना विरोध करत नाहीत. दुर्गंधी, पाझरणारं काळं पाणी, माश्या, उंदीर, ढिगाच्या पोटात तयार होणारा मिथेन आणि त्याने पेटणाऱ्या आगी, यांचं मूळ ओल्या कचऱ्यात आहे. मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमान वाढवतो. शिवाय कलिंगडाच्या साली, भाज्यांची देठं, उरलेला भात यांत तीन चतुर्थांश पाणीच असतं. ते पाणी आपण डिझेल जाळून घोडबंदरच्या कोंडीतून शहराबाहेर वाहून नेतो. जे संकुल जलतरण तलाव आणि क्लब हाऊस चालवतं, त्याला खताचे चार हौद चालवता येत नाहीत हे मला पटत नाही.

विरोधी मतंही हवी आहेत, सभेत ती येणारच आहेत.

—

नौपाड्याची सेक्रेटरी :
पोखरणकर, तुमच्याकडे पोडियम आहे, इमारतींखाली पार्किंगचा अख्खा मजला. आमच्या अठरा बिऱ्हाडांच्या इमारतीला स्कूटर लावायला जागा नाही. १०० किलोचा नियम आम्हाला लागू होत नाही, आणि नौपाडा, चरई, उथळसर, कळव्याच्या चाळी, लोकमान्य नगर, कुठेच फारसा लागू होणार नाही. आमच्यासाठी घंटागाडी हीच सोय आहे आणि ती नीट चालणं ही आमची गरज.

म्हणूनच तुमच्या विचारात मला धोका दिसतो. ज्यांच्या तक्रारीची दखल घेतली जाते, ज्यांच्या ओळखी असतात, ती मोठी संकुलं आपापली सोय लावून या व्यवस्थेतून बाहेर पडली, तर गाडी आली नाही म्हणून बोलायला कोण उरेल? पाण्याचं हेच झालं. ज्यांना टँकर परवडला ते नळाच्या पाण्यासाठी भांडायचे थांबले. ओला कचरा उचलणं ही सार्वजनिक सेवा आहे, ती सगळ्यांनी मिळून मागितली पाहिजे.

—

वागळे_यंत्रज्ञ :
मीही सोसायटीत जिरवण्याच्या विरोधात, पण कारण वेगळं. उष्णतेची यंत्रं हा माझा रोजचा धंदा आहे. '२४ तासांत खत' असं सांगून सोसायट्यांना जी विजेची यंत्रं विकली जातात त्यांचं गणित करा. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ०.६३ युनिट वीज लागते. १०० किलो ओल्या कचऱ्यात ७० लिटर पाणी धरा. रोज ४४ युनिट नुसत्या वाफेसाठी, वर तापवण्याची आणि वाया जाणारी उष्णता वेगळी. आणि २४ तासांनंतर जे निघतं ते खत नसतं, वाळलेलं अन्न असतं. झाडाच्या बुंध्याशी टाकून पाणी घाला, दोन दिवसांत पुन्हा वास मारायला लागतं. विकणारा पैसे घेऊन गेलेला असतो.

याउलट तोच कचरा बायोगॅसला द्या, तर ऊर्जा खर्च होण्याऐवजी मिळते. तंत्र आपल्या शेजारीच तयार झालंय. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेलं 'निसर्गऋण'. आधी गरम पाणी आणि हवेच्या मदतीने कचरा पातळ करून आंबवायचा, मग हवाबंद टाकीत गॅस. माथेरानसारख्या ठिकाणी, जिथे मोटारगाडीला बंदी, तिथे हा प्रकल्प उभा राहिला. इंदूरला फेब्रुवारी २०२२ मध्ये दिवसाला ५५० टन क्षमतेचा बायो-सीएनजी प्रकल्प सुरू झाला, त्यावर बस चालतात. शहरभर विखुरलेले शेकडो अर्धवट खड्डे तपासणार कोण? त्यापेक्षा नीट देखरेख असलेला मोठा प्रकल्प बरा. २०१६ च्या नियमातही 'शक्य तोवर' हे शब्द आहेत, आणि नव्या नियमात जागेवर प्रक्रिया करता येत नसेल तर प्रमाणपत्र घेऊन बाहेर करून घेण्याची सोय आहे.

—

पोखरणकर :
@वागळे_यंत्रज्ञ, विजेच्या यंत्राबाबत शंभर टक्के सहमत. आमचे हौद जाळीचे, वीज शून्य. पण इंदूर चालतं कशामुळे? तिथे घराच्या दारात ओला-सुका वेगळा घेतात म्हणून. बायोगॅसच्या टाकीत दुधाच्या पिशव्या आणि डायपर गेले तर टाकी बंदच पडणार. आणि वेगळं करायची सवय लागते कधी? आपलाच कचरा आपल्याच आवारात दिसतो तेव्हा. आमच्याकडे हौदातून प्लास्टिक निघालं की कुठल्या विंगचं ते दुसऱ्या दिवशी समजतं. गाडीत पडलं की ते कुणाचंच नसतं.

@नौपाड्याची सेक्रेटरी, तुमचा मुद्दा मोठा आहे. तरी एक बघा. मोठ्या संकुलांनी आपला ओला कचरा काढून घेतला तर त्याच गाड्या, तीच माणसं तुमच्या गल्लीत वेळेवर येऊ शकतील.

—

नौपाड्याची सेक्रेटरी :
येऊ शकतील. येतील असं नाही. वाचलेल्या गाड्या आमच्याकडे वळतील असा शब्द कुणी दिलाय?

—

गच्चीवरची_बाग :
तुम्हा सगळ्यांच्या चर्चेत प्रत्यक्ष काम कुठेच येत नाही, म्हणून लिहिते. सोसायट्यांचे हौद बंद पडतात ते तत्त्वासाठी नव्हे, वासासाठी. आणि वास येतो तो सुकं कमी आणि हवा कमी म्हणून. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात नायट्रोजन भरपूर, कार्बन कमी. कार्बन नायट्रोजनच्या साधारण तीस पट हवा. सोपं माप म्हणजे एक बादली ओल्याला दीड-दोन बादल्या सुका पाला. ओलावा बघायला मूठभर घेऊन दाबायचं. हाताला ओल लागावी, पाणी टपकू नये. आठवड्यातून निदान दोनदा वरखाली करायचं. आत हात घातला तर चटका बसेल इतकं गरम, पन्नास-साठ अंश, झालं की समजावं काम चालू आहे.

आता ठाण्याची खास अडचण म्हणजे पावसाळा. जून ते सप्टेंबर हवाच ओली, पाला मिळत नाही, सगळं चिकट होतं. उपाय फेब्रुवारी-मार्चमध्येच करावा लागतो. पर्जन्यवृक्ष, सोनमोहर, बदाम यांची पानगळ तेव्हा असते, ती गोण्यांत भरून कोरड्या जागी ठेवायची. होतं काय, की हाच पाला झाडून घंटागाडीत देतात नाहीतर कोपऱ्यात जाळतात, आणि जुलैमध्ये पैसे मोजून कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुश्याच्या) गोण्या आणतात. हे बघून मला खरंच वाईट वाटतं.

पांढऱ्या-करड्या अळ्या दिसल्या की लोक औषध फवारतात. त्या बहुतेक सोल्जर माशीच्या असतात. त्यांचा उपद्रव काहीच नाही, उलट कचरा भराभर संपवतात. करवंट्या आणि मोठी हाडं यात घालू नका. मे महिन्यात आंब्याच्या कोयी येतात, त्या एका फेरीत कुजत नाहीत, चाळून पुढच्या हौदात टाकायच्या. महिना-दीड महिन्यात खत मातीसारखं काळं, भुसभुशीत होतं, वजन मूळच्या पाचव्या-चौथ्या हिश्शावर येतं.

आणि ठाणेकरांना वेगळं करायची सवय नाही असं कुणी म्हणू नये. गणपतीत कृत्रिम तलावावर हारातला दोरा नि थर्माकोल काढून निर्माल्य कलशात टाकणारे आपणच आहोत.

—

मानपाडा_खजिनदार :
ताई, तुमच्या गच्चीवर तुम्ही स्वतः करता म्हणून होतं. चारशे घरांच्या संकुलात ते काम चार पगारी माणसं करतात आणि महिन्याचा हिशेब माझ्यापुढे येतो. माणसांचा पगार, कचरा लवकर कुजवणारं जिवाणू कल्चर, पाला साठवायला जागा, पावसाळ्यात शेजारच्या विंगच्या तक्रारी. शेवटी जे खत निघतं त्याचं करायचं काय? आमच्या बागेला वर्षाला लागतं तेवढं पहिल्या दोन-तीन महिन्यांतच तयार होतं. बाकी गोण्या पार्किंगमध्ये. फुकट देतो म्हटलं तरी वाहतूक कोण देणार? पालिकांच्या प्रकल्पातल्या खताला राज्य सरकारने 'हरित महासिटी कंपोस्ट' असं नाव तरी दिलंय, सोसायटीच्या खताला कुणी विचारत नाही. पुण्यात गांडूळखत करणाऱ्यांना मालमत्ता करात सवलत मिळते. सरसकट सक्ती करायची असेल तर आधी असं काहीतरी हातात पडू द्या. तोवर मी ठरावाच्या बाजूने.

—

दिवा_पूर्व :
वरचं सगळं वाचलं. केंद्रीय प्रकल्प हवा म्हणणाऱ्या वागळे साहेबांना एकच विचारतो, तो कुणाच्या खिडकीसमोर? डम्पिंगच्या बाजूला राहणं म्हणजे काय हे दिव्यातल्या माणसाला पुस्तकातून वाचावं लागत नाही. ढीग पेटला की दारं-खिडक्या बंद करून लेकराबाळांना घेऊन बसायचं. जागा विकत घेताना 'डम्पिंग हटणार आहे' असं ऐकून लोकांनी घरं घेतली. 'शास्त्रोक्त प्रकल्प', 'वास येणार नाही' हे शब्द आम्ही, भंडार्लीकरांनी, डायघरवाल्यांनी सगळ्यांनी ऐकलेत.

मोठा प्रकल्प मुळीच नको असं मी म्हणत नाही. पण ज्या प्रभागाचा कचरा त्याच प्रभागात त्याचा प्रकल्प. घोडबंदरला इतके भूखंड आरक्षित असतात, एखादा यासाठी वापरा. तिथे वास आला की तिथलेच लोक चोवीस तासांत दुरुस्त करून घेतील. आमच्याकडे आणून टाकलं तर वर्षं जातात.

—

वागळे_यंत्रज्ञ :
दिवा_पूर्व, हे मला मान्य आहे. माझा आग्रह आकाराचा नव्हता, जाणकार माणसाच्या देखरेखीचा होता. रोज पाच टनांच्या आसपासचा बायोगॅस प्रकल्प प्रभागात बसतो. नौपाड्याच्या इमारतींचा, हॉटेलांचा, भाजी मंडईचा कचरा त्यात घेता येईल. मात्र संकुलांचाही घ्यावा यावर मी कायम आहे. मंडईचा कचरा बदलता असतो, घराघरातलं शिजलेलं अन्न रोज सारखं येतं आणि गॅस त्याच्यावर चांगला होतो. संकुलांनी सगळं स्वतःच जिरवलं तर प्रभागाच्या टाकीला चारा कुठून मिळणार?

—

कष्टकरी_बाजू :
इतक्या प्रतिसादांत 'वरखाली करायचं', 'चाळायचं', 'वेगळं करायचं' असं लिहिलंय. करणार कोण? पोखरणकर, तुमच्या हौदातून प्लास्टिक निघतं तेव्हा ते हाताने कोण काढतं? हाऊसकीपिंगच्या कंत्राटावरची बाई. जिने पुसायला म्हणून तिला ठेवलेलं असतं, खताचं काम वाढतं आणि पगार तोच. पावसाळ्यात अळ्यांमध्ये उघड्या पायांनी. सोसायटीत जिरवतो असं म्हणताना तो कचरा आपण तिच्या अंगावर टाकत असू, तर दिव्यावर टाकण्यापेक्षा त्यात वेगळं काय झालं?

हे काम कौशल्याचं आहे आणि ते करणाऱ्या बायका आपल्या राज्यात आहेत. स्त्री मुक्ती संघटनेने मुंबईत कचरावेचक महिलांना खत आणि बायोगॅसचं शिक्षण दिलं. पुण्यात २००८ पासून 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था घरोघर सेवा देते आणि घरं त्याचे पैसे देतात. अशा गटाला करार करून काम द्या, रीतसर मजुरी, गमबूट, हातमोजे, हात धुवायला साबण-पाणी, आठवड्याची सुट्टी. त्याचा खर्च धरून मग खजिनदारांनी हिशेब मांडावा.

—

पोखरणकर :
@कष्टकरी_बाजू, ही अट मी सभेत उपसूचना म्हणून मांडणार. प्रकल्प चालू ठेवायचा, पण हाऊसकीपिंगच्या कंत्राटातून ते काम बाहेर काढायचं आणि प्रशिक्षित गटाला वेगळ्या कराराने द्यायचं. देखभाल शुल्क वाढेल, ते मी उघडपणे सांगेन. @गच्चीवरची_बाग, पाला साठवायला पंपघरामागची शेड मागतोय. @वागळे_यंत्रज्ञ, प्रभागात टाकी झाली तर शिजलेलं अन्न तिला आणि भाजीचा कचरा, पाला आमच्या हौदाला, अशी विभागणी मला चालेल. पण टाकी बांधून होईपर्यंत हौद बंद करायचे नाहीत.

@खजिनदार, जास्तीचं खत रस्त्याच्या दुभाजकांना आणि उद्यानांना घ्यावं अशी मागणी आपण दोन्ही संकुलांनी मिळून लेखी करू. नाव द्याल?

—

मानपाडा_खजिनदार :
मागणीवर सही देतो. मत मात्र ठरावाच्या बाजूनेच. खत उचललं जातंय हे एक पावसाळाभर दिसलं तर पुढच्या वर्षी बघू.

—

नौपाड्याची सेक्रेटरी :
तुम्ही पत्र लिहिताच आहात तर त्यात आमचीही मागणी घाला. गल्लीतल्या गाडीला ओल्या-सुक्याचे वेगळे कप्पे हवेत, आणि संकुलांमुळे जो कचरा कमी होईल तेवढ्या फेऱ्या जुन्या वस्त्यांना मिळाल्या पाहिजेत, लेखी. हे पत्रात नसेल तर आमच्या गल्लीतल्या अकरा इमारतींच्या सह्या मिळणार नाहीत.