शब्दचर्चा : 'सिंगल स्ट्रँड बाइंडिंग प्रोटीन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
बारावीच्या मुलांसाठी डीएनएच्या प्रतिकृतीवर मराठीतून टिपण लिहिते आहे. त्यात डीएनएच्या सुट्या झालेल्या एकेका धाग्याला चिकटणारं 'सिंगल स्ट्रँड बाइंडिंग प्रोटीन' येतं. त्याला मी 'एकधागी बंधक प्रथिन' म्हटलं. एका मुलाने विचारलं, "बाई, बंधक म्हणजे ओलीस ना?" हिंदी बातम्यांमुळे त्याच्या कानाला तोच अर्थ सवयीचा आहे. दुसरा शब्द सुचवाल?

प्रतिसाद
आधी 'धागा' बदला, ताई. आपल्याकडे 'पेड' आहे की! वेणीचे पेड, दोराचे पेड. धागा मुळातच एकटा असतो. पेड सुटा झाला, तरी त्याचा जोडीदार होता हे शब्दातच राहतं. डीएनएचं नेमकं तेच आहे. सुटा झालेला पेड स्वस्थ बसत नाही. जोडीदाराकडे परत जातो, नाहीतर स्वतःवरच दुमडून आकड्यासारखा अडकतो. म्हणून डबल स्ट्रँडेड ते दुपेडी, सिंगल स्ट्रँडेड ते एकपेडी. हेलिक्सला, म्हणजे डीएनएच्या वळणदार रचनेला, 'पीळ' आहेच.

प्रतिसाद
'पेड' मान्य. पण खरी अडचण क्रियापदाची आहे, आणि तिथे इंग्रजीसुद्धा अडखळली होती. १९७० साली ब्रूस अल्बर्ट्स आणि लिंडा फ्रे या संशोधकांनी टी-४ या जीवाणूभक्षी विषाणूच्या ३२ क्रमांकाच्या जनुकाचं प्रथिन वेगळं काढल्याचं प्रसिद्ध केलं. त्यानंतर काही वर्षं अशा प्रथिनांना 'अनवाइंडिंग प्रोटीन', म्हणजे पीळ सोडवणारं, म्हणत. पुढे 'हेलिक्स डिस्टेबिलायझिंग' आलं, आणि अखेर आजचं नाव रुळलं. पीळ सोडवण्याचं काम हेलिकेज हे विकर (एन्झाइम) करतं, एटीपी हे पेशीचं इंधन खर्चून. आपलं प्रथिन एटीपी वापरत नाही. सुटलेला पेड ते धरतं, म्हणून तो पुन्हा जुळत नाही, दुमडत नाही, आणि डीएनए तोडणाऱ्या विकरांपासूनही वाचतो.

आता 'बांधणं' का नको? बांधलं की गाठ आली. इथे गाठ नाही. ई. कोलाय या जीवाणूतलं हे प्रथिन (एसएसबी) चार सारख्या घटकांचं असतं आणि पेडच त्याच्याभोवती गुंडाळला जातो : एका पद्धतीत साधारण ६५ न्यूक्लिओटाइड (पेड ज्यांचा बनतो ते घटक), दुसरीत ३५. पकड घट्ट असते, तरी ते पेडावरून सरकू शकतं आणि वाटेतल्या दुमडी उलगडतं. नवा पेड रचणारं पॉलिमरेज हे विकर आलं की जागा सोडतं. एवढं सगळं 'धरणं' या एका क्रियापदात मावतं : धरलेलं सोडता येतं. मी 'एकपेडी डीएनए धरणारं प्रथिन' म्हणेन.

प्रश्नकर्तीकडून
वा, 'धरणं' पटलं. पण तुटलेल्या डीएनएच्या दुरुस्तीच्या वेळीही हाच शब्द चालेल का? तिथे तर हे प्रथिन इतरांना बोलावतं, असं वाचलंय.

प्रतिसाद
चालेल. माणसात हे काम मुख्यतः आरपीए नावाचं प्रथिन करतं. ते तीन वेगवेगळ्या घटकांचं असतं आणि एका वेळी सुमारे ३० न्यूक्लिओटाइड धरतं. डीएनएचे दोन्ही पेड तुटले आणि टोकं कुरतडली गेली की उघड्या पडलेल्या पेडावर आरपीए बसतं. आरपीएने झाकलेला पेड हीच पेशीला धोक्याची खूण. एटीआर हे विकर ती ओळखून तिथे येतं. मग बीआरसीए-२ या प्रथिनाच्या मदतीने आरपीएची जागा रॅड-५१ हे आणखी एक प्रथिन घेतं आणि जुळणारा क्रम शोधायला लागतं. इथेही धरणं, आणि वेळ आली की दुसऱ्याच्या हाती देणं.

प्रतिसाद
तक्त्यात एवढं लांब नाव मावणार नाही. 'गिरिधर', 'जलधर' यांच्या चालीवर 'पेडधर' करता येईल. 'धारक' मात्र नको. पासधारक, कार्डधारक यांनी त्या शब्दात मालकी आणलीय, आणि हे प्रथिन पेडाचं मालक नव्हे.

प्रश्नकर्तीकडून
'पेडधर' फारच आवडला. टिपणातलं वाक्य असं बदललं : "हेलिकेज पीळ सोडवतं, पेडधर सुटे पेड धरून ठेवतात, आणि पॉलिमरेज जवळ आलं की एकेक करून जागा सोडतात."