जपान, पाठीवर सॅक टाकून: आपापले अनुभव लिहा

टोकियो, फुजी, क्योटो, ओसाका आणि परत, ही वाट आता आपल्याकडे सगळ्यांना पाठ झाली आहे. हा धागा ती वाट सोडून भटकलेल्यांसाठी. ऑक्टोबर २०२३ मध्ये परदेशी प्रवाशांचा सात दिवसांचा रेल्वे पास २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येनवर गेला, तेव्हा ओळखीतल्या काहींनी बेतच रद्द केला. मला वाटतं, खिसा बेताचा असेल पण वेळ हाताशी असेल तर 'सेइशुन १८' हे तिकीट बघावं. सलग तीन दिवसांचं १०,००० येन, पाच दिवसांचं १२,०५०. सुट्ट्यांच्या हंगामातच चालतं, वयाची अट नाही, आणि बसायचं जे आर म्हणजे जपान रेल्वेच्या साध्या गाड्यांत, शिनकानसेन या बुलेट ट्रेनमध्ये नाही. त्या साध्या गाड्या जिथे थांबतात तिथलं वाचायला मिळावं अशी फार इच्छा आहे. कुठे उतरलात, काय खाल्लंत, कोण भेटलं, सगळं लिहा.

पुण्याहून

सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात मी लहानपणापासून जाते. ते ज्या बागेवरून बेतलं, ती ओकायामाची कोराकुएन बघायचीच होती. १७०० साली पूर्ण झालेली बाग, मोठमोठी हिरवळ, मधून खेळवलेलं पाणी, मागे काळा किल्ला. सुंदरच आहे. पण त्याहून मनात राहिला तो दुसरा दिवस. बिझेन-इचिनोमिया स्टेशनपाशी सायकल भाड्याने घेतली आणि संध्याकाळी सोजा स्टेशनपाशी परत केली, तशी सोय आहे. वाट बहुतेक भातखाचरांमधून जाते. किबित्सु देवळात साडेतीनशे मीटरहून लांब लाकडी छपराखालचा रस्ता आहे, जमीन जशी उतरते तसा तोही उतरत जातो. पुढे त्सुकुरियामा, पाचव्या शतकातली टेकडीएवढी समाधी. देशातल्या तिच्याहून मोठ्या समाध्यांवर पाय ठेवू देत नाहीत, हिच्यावर मात्र चढता येतं. वर मी एकटीच होते. तिथून थोडं पुढे गेलं की शेतांच्या मधोमध उभा पाच मजली पॅगोडा. रस्ता सपाट आहे, सायकलची फारशी सवय नसली तरी जमेल.

सोलापूरहून

मी शिकोकूवर चाललो. या बेटाभोवती कोबो दाइशी या बौद्ध संतांच्या नावाची ८८ देवळं आहेत आणि पूर्ण फेरा साधारण १,२०० किलोमीटरचा. चालत चाळीस ते पन्नास दिवस लागतात. मी तोकुशिमातल्या पहिल्या देवळापासून निघून तेविसाव्यापर्यंतच गेलो, पुढचं राहिलंय आणि ते करायचंच आहे.

पंढरीची वारी केलेल्या माणसाला इथे फार लवकर आपलं वाटतं, फक्त दिंडी नसते, बहुतेक जण एकेकटे चालतात. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर गवती टोपी, हातात काठी. ती काठी म्हणजे साक्षात दाइशी, अशी श्रद्धा. मुक्कामाला पोचलं की आधी काठीचं टोक धुवायचं, मग आपण टेकायचं. पुलावरून जाताना काठी टेकवायची नाही, कारण दाइशी एकदा पुलाखाली झोपले होते आणि त्यांची झोप मोडू नये. पाऊस असो, घाई असो, लोक हे पाळतात. मीही पाळलं.

अकराव्या ते बाराव्या देवळाची वाट तेरा किलोमीटर डोंगरातून आहे. तिथे पायांची परीक्षा होते. पाणी आणि खाऊ खालूनच घेऊन निघा, वर दुकान नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट 'ओसेत्ताई'. वाटेतली माणसं यात्रेकरूला काहीतरी देतात, संत्रं, चहा, कधी नाणीसुद्धा. नाही म्हणायचं नसतं. बदल्यात आपलं नाव लिहिलेली कागदाची पट्टी द्यायची. एका आजींनी स्कूटर वळवून आणली, माझ्या हातात दोन संत्री ठेवली, हात जोडले आणि गेल्या. भाषा येत नसताना माणसं एवढं करतात, ते आठवलं की अजून गळा दाटतो. खर्चाचं सांगतो: यात्रेच्या वहीत देवळाचा शिक्का आणि अक्षरं लिहून घ्यायची असतील तर प्रत्येक देवळाचे ५०० येन धरा.

राजापूरहून

शिकोकूचाच विषय निघालाय म्हणून लिहिते. इया खोऱ्यातल्या नागोरो या गावी गेले होते. बस दिवसाला मोजक्याच, आधी वेळ बघून ठेवा. त्सुकिमी आयानो या बाई वडिलांची काळजी घ्यायला गावी परतल्या. पुढे गावातलं माणूस गेलं किंवा गाव सोडून निघून गेलं की त्या माणसाएवढी बाहुली करून ठेवू लागल्या. शेतात, बसथांब्यावर, ओट्यावर बाहुल्या बसलेल्या आहेत. शाळा २०१२ मध्ये बंद झाली, वर्गात बाहुल्यांचीच मुलं आणि बाहुल्यांचेच शिक्षक.

काही जण या गावाला भुताटकीचं म्हणतात. ते मला पटत नाही. आमच्या वाडीतली शाळाही पट नाही म्हणून बंद झाली, तिथे आता काहीच नाही. इथे निदान कुणीतरी एकेकाला आठवून चेहरा शिवलाय. जपानच्या २०२३ च्या पाहणीत रिकामी घरं ९० लाखांच्या घरात निघाली. आकडा वाचणं वेगळं आणि त्या रस्त्याने चालणं वेगळं.

इंदूरहून

शाकाहारींसाठी थोडक्यात. भाजीच्या रश्शातही बहुधा सुक्या माशाचा अर्क, म्हणजे दाशी, असतो, त्यामुळे 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. 'दाशीसुद्धा नको' हे जपानीत लिहिलेला कागद जवळ ठेवा. आम्ही केळी, पाव, साधा भात, काळे तीळ घातलेलं मीठ आणि घरची शेंगदाण्याची चटणी यावर मजेत राहिलो.

नागपूरहून

पोटभर आणि निश्चिंत शाकाहारी जेवण हवं असेल तर कोयासानला जा. ओसाकाच्या नाम्बाहून रेल्वे, शेवटी केबल कार. कुकाई म्हणजेच कोबो दाइशी यांनी ८१६ मध्ये वसवलेलं हे डोंगरावरचं तीर्थ. मठांत राहता येतं. आपल्या बजेटला महाग आहे, तरी एक रात्र काढाच. जेवणात तिळाचा तोफू, डोंगरातल्या भाज्या. पहाटे होम असतो. ओकुनोइनची दफनभूमी दोन लाखांहून जास्त समाध्यांची, उंच देवदारांखाली. तिथल्या लाकडी फळ्यांवर सिद्धम या जुन्या भारतीय लिपीतली बीजाक्षरं आहेत, त्यातली एक-दोन मला ओळखता आली.

मी मात्र मुळात गेलो तो कोयासान विद्यापीठातला बाबासाहेबांचा पुतळा पाहायला. २०१५ मध्ये बसवलाय. एवढ्या दूर, त्या थंडीत बाबासाहेब उभे दिसले आणि मी बराच वेळ तिथून हललो नाही. आपल्यापैकी जे ओसाकापर्यंत जातात त्यांनी हा एक दिवस काढावा, अशी कळकळीची विनंती.

टोकियोहून

इथेच राहते, म्हणून दोन-तीन कामाच्या गोष्टी. खेड्यातल्या एका डब्याच्या गाडीत बहुधा मागच्या दाराने चढतात. दारापाशी यंत्रातून आकडा छापलेली चिठ्ठी घ्यायची. पुढच्या फलकावर त्या आकड्याखाली भाडं वाढत जाताना दिसतं, उतरताना चालकाजवळच्या पेटीत चिठ्ठी आणि सुटे पैसे टाकायचे. नोट मोडायचं यंत्र तिथेच असतं, पण मोठी नोट घेतेलच असं नाही, म्हणून हजाराच्या नोटा ठेवा. शहरातलं पैसे भरून वापरायचं रेल्वेचं कार्ड अशा मार्गांवर अनेकदा चालत नाही. सॅक जड असेल तर कुरियरने पुढच्या मुक्कामी पाठवा, चोवीस तास उघड्या असणाऱ्या बहुतेक दुकानांतून पाठवता येते आणि साधारण दुसऱ्या दिवशी पोचते. आणि सोलापूरचे दादा, तेविसाव्यापासून चोविसावं देऊळ सुमारे पंचाहत्तर किलोमीटर आहे, समुद्राकडेने. पुढच्या वेळी तिथून सुरू करणार असाल तर मुक्काम आधीच ठरवून घ्या.