मदत हवी आहे: धसमुसळ्या टीमसमोर आर्सेनलचा डिफेन्स खरंच सुधारलाय का?

उशिराचा_प्रेक्षक | ९ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी. धागा आर्सेनलचा, म्हणजे इंग्लिश फुटबॉल लीगमधल्या लंडनच्या क्लबचा आहे. युनायटेड आणि लिव्हरपूलवाल्यांनी चहा घेऊन बसावं, पण कृपया फक्त चहाच घ्यावा.

काल रात्री अकराची सुंदरलँडची मॅच पाहिली. २-२. तेव्हापासून डोक्यात एकच किडा वळवळतोय. तसं पाहिलं तर तक्रारीला जागा नाही. लीगमध्ये ११ मॅचमध्ये २६ पॉइंट, टेबलात सगळ्यात वर, गोल खाल्ले फक्त ५. कालच्या आधी सगळ्या स्पर्धा धरून ओळीने आठ मॅच एकही गोल खाल्ला नव्हता. पण त्या पाचातले दोन काल एकाच संध्याकाळी बसले, आणि दोन्ही एकाच साच्यातले. पहिल्याला लांब बॉल आला, त्यांच्या मुकिएलेने डोक्याने जिंकून दिला, बॅलर्डने घुसवला. दुसऱ्याला ९४ व्या मिनिटाला पुन्हा उंच बॉल, या वेळी डोकं बॅलर्डचं आणि पाय ब्रॉबीचा. बॅलर्ड आपल्याच अकादमीत वाढलेला पोरगा, हे वर मीठ.

मी ही टीम २००३-०४ पासून बघतोय. त्या वेळी कॅम्पबेल, तुरे, व्हिएरा, गिल्बर्टो असे बाप्ये होते. यांच्या अंगावर जायची कोणाची छाती नव्हती. २००५ मध्ये व्हिएरा युव्हेंटसला गेला, वर्षभराने कॅम्पबेलही गेला, आणि मग गोड खेळणारी पण धक्का लागला की कोलमडणारी पोरं आली. नोव्हेंबर २००८, स्टोक. त्यांचा रॉरी डेलॅप टॉवेलने बॉल पुसून साईडलाईनवरून हाताने लांब थ्रो टाकतोय आणि आपले लोक आकाशाकडे बघतायत. २-१ ने हरलो, दोन्ही गोल त्याच्या थ्रोवरून. एप्रिल २०१६, वेस्ट हॅम: २-० ने पुढे असताना एकट्या अँडी कॅरोलने तीन मारले. ऑगस्ट २०२१, ब्रेंटफर्ड: ७४ वर्षांनी पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये आलेली टीम, पहिलीच मॅच, लांब थ्रो, गोलकीपर लेनोच्या भोवती गराडा आणि नॉरगार्डचं डोकं. ०-२.

आता मदत कसली हवी ते सांगतो. मी आयुष्यात कधी फुटबॉल खेळलेलो नाही. कॉर्नर आला की माझी नजर बॉलवर असते, आणि काय चुकलं ते गोल झाल्यावर कॉमेंटेटर सांगतो तेव्हा कळतं. भाचा (लिव्हरपूल) म्हणतो, "मामा, तुमचे लोक कॉर्नरवर गोल मारायला शिकलेत, वाचवायला नाही." उत्तर देता येत नाही. दुखणं बरं झालंय की नुसतं गोळ्यांवर दबलंय, हे ओळखायचं तर मॅच बघताना नेमकं काय बघू? २३ तारखेला टॉटनहॅम आहे, आणि त्यांचा कोच थॉमस फ्रँक, तोच तो २०२१ चा ब्रेंटफर्डवाला. जाणकारांनी मार्गदर्शन करावं. आगाऊ धन्यवाद.

चहाबाज | ९ नोव्हेंबर

युनायटेडवाला. फक्त चहा घेतोय.

आकडेमोड | ९ नोव्हेंबर

काका, एका मॅचवरून किडा वळवळू देऊ नका. लीगमध्ये खाल्लेले गोल बघा: २०२१-२२ मध्ये ४८, नंतर ४३, मग २९, गेल्या वर्षी ३४. ४८ वरून तिशीच्या आसपास, ही उतरंड योगायोगाने होत नाही. सेट-पीसचा (कॉर्नर, फ्री किक, थ्रो यांचा) कोच निकोलस जोव्हर २०२१ च्या उन्हाळ्यात आला. तो त्याआधी ब्रेंटफर्डलाच होता, मध्ये मँचेस्टर सिटीला. त्या ०-२ च्या रात्री ब्रेंटफर्डच्या गोलमध्ये कोण होता? डेव्हिड राया. आज तो आपला गोलकीपर. ज्याने डोकं घातलं तो नॉरगार्डही याच उन्हाळ्यात आपल्याकडे आला. ज्यांनी मारलं त्यांनाच घरात आणलंय. आणि आपल्या बाजूने त्या दिवशी सेंटर बॅकला पाब्लो मारी आणि पहिलीच मॅच खेळणारा बेन व्हाईट होते. आजची आपली सेंटर बॅकची जोडी तेव्हा नव्हती: गॅब्रिएल नव्हता, सालिबा तर क्लबमध्येही खेळत नव्हता. ती टीम आणि ही टीम यांत नावाशिवाय काही सारखं नाही.

टाईनकाठची | १० नोव्हेंबर

मी न्यूकॅसलला राहते आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची (न्यूकॅसल युनायटेडची) आहे, सुंदरलँड आमचे शेजारी वैरी, त्यामुळे सुंदरलँडचं कौतुक माझ्या तोंडून निघणार नाही. तरी लिहिते.

आकडेमोड, तुमचे आकडे खरे आहेत, पण धसमुसळा खेळ म्हणजे फक्त उंच बॉल असं धरलंत की फसाल. गेल्या मोसमात आम्ही तुम्हाला तीनदा हरवलं. लीगमध्ये इसाकचा हेडर, १-०. नंतर लीग कपच्या सेमीफायनलला तुमच्याकडे २-०, आमच्याकडे २-०. त्या चार गोलांत कॉर्नरवरचा हेडर एकही नव्हता. शेवटचा आठवा: आमच्या शेरने तुमच्या राईसच्या पायातून बॉल हिसकावला आणि गॉर्डनने मारला. तुमची उंची कमी पडली नव्हती. बॉल पायात असताना कोणी अंगाला अंग लावलं की तुमची घाई होत होती.

आणि आता याच सप्टेंबरची मॅच. वोल्टमाडेने डोक्याने मारून आम्ही पुढे. मी मनात म्हटलं, झालं, नेहमीचंच. पण तुम्ही मोडला नाहीत. ८४ व्या मिनिटाला मेरिनोचा हेडर आणि ९६ व्याला कॉर्नरवर गॅब्रिएलचा. आमच्याच घरात, आमच्याच पद्धतीने. शेजारच्या काकांनी (गेली चाळीस वर्षं न्यूकॅसलवाले) टीव्ही बंद केला आणि कुत्र्याला फिरवायला गेले. माझ्या मते बदल झालाय तो इथे. गोल खाल्ला की आधी चेहरे पडायचे, आता पडत नाहीत.

जाता जाता, सुंदरलँडने तुमच्या लांब थ्रोला पळायला जागा मिळू नये म्हणून जाहिरातींचे फलक आत सरकवल्याची बातमी होती. एकेकाळी तुम्ही डेलॅपच्या थ्रोला घाबरायचात. आज लोक तुमच्या थ्रोला घाबरून फर्निचर हलवतायत!

पेठकर | १० नोव्हेंबर

दादा, कोल्हापूरचा हाय. चाळीशीपर्यंत तालमीच्या टीममधनं सेंटर बॅक खेळलोय, त्यामुळं दोन शब्द हक्कानं सांगतो.

पैली गोष्ट: कॉर्नरला बॉल बघायचा सोडा. बॉल यायच्या आधी माणसं बघा. गोलकीपरच्या पुढं किती जण हुबे हायत आणि त्याला बाहेर यायला वाट हाय का? लेनोला वाट नव्हती, आणि वाट करून द्यायला आपला एक माणूसबी नव्हता. आता रायाच्या पुढं आपला गडी अंग घालून हुबा असतो का, एवढंच बघा. गोलकीपर कितीबी उंच असूदे, त्याला पाऊल टाकता आलं न्हाई तर उंची काय लोणच्याला घालायची?

दुसरी गोष्ट, आणि ही खरी. शाहू स्टेडियमवर आमचे वस्ताद वरडायचे, "पैला बॉल सगळ्यांचा, दुसरा बॉल ज्याचा, मॅच त्याची." पैला बॉल कुणी बी हारंल. त्यांचा एखादा बॅलर्ड तुमच्या गॅब्रिएलपेक्षा एकदा उंच उडणारच, त्यात लाज न्हाई. पण डोक्यावरनं बॉल पडतो कुठं, आणि तिथं कोण हाय? डीच्या (गोलपुढच्या चौकटीच्या) तोंडाला आपला माणूस हाय का सगळे गोलपुढं गर्दी करून बसल्यात? सुंदरलँडचे दोन्ही गोल दुसऱ्या बॉलचे हायत. परत लावून बघा. पैला बॉल हारला तवा न्हाई, त्यानंतरच्या एका सेकंदाला आपले लोक बॉलकडं बघत राहिले, तवा गोल झाला.

तिसरं म्हंजे बॉल बाहेर काढला की लाईन, म्हंजे मागच्या बॅकांची रांग, वर सरकते का बघा. दमलेली टीम बॉल काढती आणि तिथंच हुबी ऱ्हाती. मग परत बॉल येतो. ९४ व्या मिनिटाला पाय सरकत न्हाईत, कुणाचेच.

आणि थ्रोचं वायलं लक्षात ठेवा: थ्रोवर ऑफसाईड (आपल्या रांगंच्या मागं आधीच जाऊन हुबं ऱ्हायचा गुन्हा) नसतो. म्हणून लाईन वर काढून काय उपयोग न्हाई, त्यांचा माणूस रायाच्या मिठीत जरी हुबा राहिला तरी चालतंय. त्याला उपाय एकच, गोलजवळ फुकटचा थ्रो द्यायचाच न्हाई. साईडलाईनला चेंगरलं की आपला बॅक डोळे झाकून बॉल बाहेर मारतो का शांतपणं आत खेळतो, ते मोजा. कागदावर रेघा मारा रेघा.

उशिराचा_प्रेक्षक | ११ नोव्हेंबर

पेठकर, साष्टांग नमस्कार! काल रात्री दोन्ही गोल बॉल न बघता बघितले. बायकोला वाटलं मॅच बघता बघता झोपलोय. तुम्ही म्हणता तेच आहे. आपले लोक उडीत हरत नाहीत, उडीनंतर थांबतात. वीस वर्षांत हे मला कोणी असं सांगितलं नव्हतं.

टाईनकाठची, चेहऱ्यांचं पटलं. पण मग एक उपप्रश्न: हा बदल टीममध्ये मुरलाय की गॅब्रिएल-सालिबा या दोन माणसांच्या खांद्यावर उभा आहे? मार्च २०२३ आठवतो. सालिबाला युरोपा लीगच्या मॅचमध्ये दुखापत झाली आणि सव्वा महिन्यात लिव्हरपूल २-२, वेस्ट हॅम २-२, साउदॅम्प्टन ३-३. टेबलात तळाला असलेल्या साउदॅम्प्टनकडून घरच्या मैदानावर तीन! हातातलं टायटल गेलं.

आकडेमोड | ११ नोव्हेंबर

तेव्हा मागे पर्याय फारसे नव्हते. आता बचावाला मोस्केरा आहे, हिंकापिए आहे. पण मुद्दा बरोबर आहे, ही परीक्षा अजून झालेली नाही.

उशिराचा_प्रेक्षक | १६ नोव्हेंबर

आकडेमोड, तुमच्या जिभेला हाड नाही. काल ब्राझील-सेनेगल मैत्रीची मॅच, तीही आपल्याच एमिरेट्स मैदानावर, आणि गॅब्रिएल मांडी धरून बाहेर. परीक्षेचं वेळापत्रक आलं म्हणायचं.

चहाबाज | १६ नोव्हेंबर

बिस्किटं पण घेतोय.

उशिराचा_प्रेक्षक | २४ नोव्हेंबर

काल ४-१. एझेचे तीन, ट्रोसार्डचा एक. भाच्याचा फोन लागत नाही, का कोण जाणे.

कागद-पेन घेऊन बसलो होतो. पेठकरांच्या रेघा मारायला जागाच मिळाली नाही. फ्रँकने मागे पाच जण लावले आणि टॉटनहॅम गोलजवळ येईनाच. गॅब्रिएलच्या जागी हिंकापिए शांत खेळला, पण त्याच्या डोक्यावर बॉल टाकलाच कोणी? गोल खाल्ला तो मात्र टाईनकाठचीच्या जातीचा निघाला: त्यांच्या पालिन्याने आपल्या झुबिमेंडीकडून बॉल हिसकावला आणि रिचार्लिसनने बऱ्याच लांबून राया पुढे आलेला बघून उचलला. म्हणजे हवेतलं दुखणं बरं असेल कदाचित, पण अंगाला अंग लागल्यावर बॉल सुटतो, ते अजून आहे. भाच्याला हे सांगणार नाही.

पेठकर | २४ नोव्हेंबर

हा पेपर फुटलेला होता दादा, धरू नका. ३ डिसेंबरला ब्रेंटफर्ड हाय. त्यांचा कायोडे थ्रो टाकतोय का कॉर्नर मारतोय कळत न्हाई, एवढा लांब. कागद तवा काढा.

उशिराचा_प्रेक्षक | २४ नोव्हेंबर

आपल्याकडे रात्रीचा एक वाजणार. दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकलाय. पेन कोणत्या रंगाचं आणू?

चहाबाज | २४ नोव्हेंबर

लाल आणा. थर्मास मी आणतो.