बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला (गोमेकॉ) जायला पीएचसीची, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राची, चिठ्ठी सक्तीची करावी का?

सत्तरीकर
माझं मत: करावी. अपघात, बाळंतपण, छातीत दुखणं, साप चावणं हे सोडून गोमेकॉच्या ओपीडीत थेट केसपेपर काढणं बंद. वाळपईचा माणूस बीपीच्या गोळीसाठी कदंबने पणजी गाठतो, तिथून दुसरी बस धरून बांबोळी, आणि दिवस संपल्यावर हातात काय? अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम. ती पीएचसीच्या यादीतही असते. तिकडे मेडिसिनची ओपीडी तुंबते आणि खरा गुंतागुंतीचा रुग्ण रांगेत मागे राहतो.

काणकोणकर
म्हणजे एका फेरीच्या दोन फेऱ्या! पीएचसीची मुख्य ओपीडी सकाळची. वेर्ण्याच्या कारखान्यात शिफ्ट करणाऱ्याने चिठ्ठीसाठी एक रजा आणि बांबोळीसाठी दुसरी घालवायची? त्यात डॉक्टर शिबिराला किंवा बैठकीला गेलेले असले तर चिठ्ठी लिहिणार कोण? शेवटी कागदावर ‘रेफर टू जीएमसी’ एवढं खरडून शिक्का मारतील. बीपी किती, कुठली गोळी किती दिवस चालू होती, काहीच नाही. आधी संध्याकाळची ओपीडी सुरू करा, मग सक्तीचं बोला.

गोळी_आणि_हिशोब
दोघेही औषधाच्या खिडकीवरून पुढे गेलात. यादीत गोळी असणं वेगळं, कपाटात असणं वेगळं.

मागणी गेल्या वर्षीच्या खपावर निघते. साठा संपला की माणूस हात हलवत परत जातो आणि तो खपात धरला जात नाही. त्यामुळे पुढच्या वर्षी मागणी आणखी कमी. म्हणून खिडकीवर ‘नाही’ची वही हवी: कुठलं औषध, किती जण परत गेले.

६०० बीपीवाले, रोज एक गोळी, ३० दिवस म्हणजे महिन्याला १८,०००. पुरवठ्याला दोन महिने लागत असतील आणि एक महिना राखीव धरला, तर साठा ५४,००० वर येताच मागणी जायला हवी. सात दिवसांच्या गोळ्या देऊन साठा ताणला, तर महिन्यात चार खेपा घालण्यापेक्षा माणूस गोळी सोडतो. सरकारी आरोग्य विम्याचं दीनदयाळ कार्ड अॅडमिट झाल्यावर कामाचं, रोजच्या गोळीला नव्हे.

सत्तरीकर
वहीचं पटलं. पण खालून वर धागा जुळू शकतो हे गोव्यात दिसलंय. हार्ट अटॅकला केंद्रात ईसीजी काढतात, तो बांबोळीचा तज्ज्ञ वाचतो आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन खालीच दिलं जातं. मग शुगरवाल्याला का नाही? बांबोळीने परत पाठवताना ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहावं. अर्धा गोंधळ तिथेच होतो, कारण पीएचसीच्या फार्मासिस्टकडे तो ब्रँड नसतो.

काणकोणकर
हार्ट अटॅकला घड्याळ मागे लागलेलं असतं. शुगरवाला तीन महिने आला नाही तर त्याला हाक कोण मारणार? देशभर आशा कार्यकर्त्या नेमल्या तेव्हा गोवा बाहेर राहिला. एएनएमकडे (उपकेंद्राच्या आरोग्यसेविकेकडे) डोंगरी भागात निकषाने ३,००० लोक, सपाटीला ५,०००. त्यात पावसाळ्यात तापाचा सर्व्हे.

गोळी_आणि_हिशोब
सक्ती नको. गोमेकॉत चिठ्ठीवाल्यांना वेगळी खिडकी द्या, त्यांचा नंबर आधी. फायदा दिसला की लोक आपणहून पीएचसीत थांबतील.

काणकोणकर
आणि वशिलेवाले त्याच खिडकीवर, नाही का?

गोळी_आणि_हिशोब
म्हणून तर चिठ्ठीवर शेवटची तीन बीपी मापं तारखेसह हवीत. ती नसतील तर साध्या रांगेत.